लाल दिवा विझेना: वारंवार हँग होणाऱ्या एका घरगुती संगणकाचं प्रकरण

आत्याच्या फोनचं पहिलं वाक्य होतं, "अरे, तुझा संगणक परत बसला." नीट चालत असला की तो तिचा असतो आणि बसला की माझा, कारण काही वर्षांपूर्वी सुटे भाग आणून तो मीच जोडून दिला होता. साधा डेस्कटॉप. १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, तिच्यावरच विंडोज आणि तिच्यावरच आत्याची सगळी भाषांतरं.

"बसला म्हणजे नक्की काय होतं?"

"म्हणजे हँग होतो. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

हँग हा शब्द तसा फसवा आहे. त्यात निदान चार वेगवेगळे आजार राहतात. कधी एकच प्रोग्राम अडकतो, बाकी सगळं चालू असतं. तेव्हा दोष बहुतेक त्या प्रोग्रामचाच. कधी पडदा गोठतो पण मागे गाणं व्यवस्थित वाजत राहतं. तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर, संशय घ्यावा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की तो ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधी कधी पडदा तेवढ्यावर जागा होतो. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: सगळंच थिजतं, आवाज एकाच तुकड्यावर घरघरत अडकतो, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. रॅम, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, अति उष्णता अशी मोठी माणसं मग संशयितांच्या रांगेत उभी करावी लागतात. आणि चौथा प्रकार म्हणजे माउसचा बाण मजेत फिरतो, पण कशावरही क्लिक केलं तरी काही होत नाही. मिनिटभराने अचानक सगळं एकदम घडतं.

आत्याला म्हटलं, "आता अडकला की कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो का बघ. बाण फिरतो का तेही बघ."

संध्याकाळी उत्तर आलं. बाण फिरतो, दिवा लागतो. शिवाय तिने मी न विचारलेलं एक सांगितलं: "मी टाइप करत राहते. काही उमटत नाही. मग एकदम पाच-सहा शब्द धावत येतात, त्यात एकच अक्षर दहादा. आणि डब्याच्या पुढचा लाल दिवा त्या वेळी पेटलेलाच राहतो, लुकलुकत नाही."

एरवी लुकलुकणारा तो लाल दिवा हार्ड डिस्कच्या कामाचा. तो सलग पेटून राहतो म्हणजे डिस्ककडे काहीतरी मागितलंय आणि ते आलेलं नाही. प्रोसेसर जिवंत आहे, कीबोर्ड ऐकतोय, अक्षरं साठवली जातायत, फक्त पुढचं सगळं डिस्कच्या उत्तरासाठी ताटकळलंय. मी इथेच थांबून डिस्ककडे बघायला हवं होतं. बघितलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आधी झालेले उपचार विचारले. दोन महिन्यांपासून हा त्रास होता. एका दुरुस्तीवाल्याने आधी अँटिव्हायरस चालवला, मग विंडोज पुसून नवं टाकलं, मग ४ जीबीची रॅम ८ केली. आत्या म्हणाली, "त्याच्या टेबलावर दोन दिवस अखंड चालला, एकदाही अडकला नाही. घरी आणला आणि दुसऱ्याच दिवशी पहिले पाढे पंचावन्न." हे वाक्य मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. दुरुस्तीला नेलेलं यंत्र तिथे शहाण्यासारखं वागतं हा सगळ्यांचाच अनुभव, त्यात काय नवल, असं वाटलं.

"दोन महिन्यांपूर्वी काही बदललं होतं का? नवा प्रिंटर, नवा प्रोग्राम, जागा?"

"काही नाही रे. सगळं होतं तसंच आहे."

मी तिला एक वही करायला सांगितली. कधी अडकला, तेव्हा काय चाललं होतं, किती वेळाने सुटला. आत्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या आहेत, त्यामुळे वही कशी झाली असेल ते सांगायला नको. एक नोंद अशी: "११.१०. फाइल साठवताना. बाण फिरतो. लाल दिवा सलग. ११.११ ला सुटला. साठवली गेली होती." तिच्या खाली: "४.३५. काहीच करत नव्हते, नुसती वाचत होते. तरी अडकला. त्याचा माझ्याशी संबंध नसावा."

पहिल्या भेटीत मी नेहमीचे पाहुणचार केले. टास्क मॅनेजर उघडला: रॅम निम्मी मोकळी, प्रोसेसर जवळजवळ रिकामा. म्हणजे कामाचा भार हे कारण नाही आणि रॅम वाढवून फरक का पडला नाही तेही उघड झालं. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालवली, सकाळी चुका शून्य. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडलं. आत पंख्यावर धुळीची गोधडी. ती साफ केली, रॅमच्या पट्ट्या काढून परत बसवल्या, आतल्या सगळ्या जोडण्या एकेकदा दाबून घेतल्या आणि "हवा खेळू दे" म्हणून झाकण उघडंच ठेवून निघालो.

सहा दिवस संगणक एकदाही अडकला नाही. मी फोनवर थोडा मिरवलोसुद्धा. रॅमचे संपर्क खराब झाले होते, असं छातीठोक सांगितलं.

सातव्या दिवशी वहीत नोंद: "धूळ जाईल म्हणून झाकण लावलं. दुपारी तीनदा अडकला."

आता या नोंदीचा कुणीही काय अर्थ लावेल? झाकण उघडं तर बरा, बंद तर आजारी. म्हणजे उष्णता! मला तर शंकाच उरली नाही. एक जादा पंखा बसवला, प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर पोचवणारी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, एक अख्खी संध्याकाळ त्यात घातली. झाकण लावलं. तापमान दाखवणारा प्रोग्राम कोपऱ्यात चालू ठेवला आणि आत्याला म्हटलं, आता कर काम.

वीस मिनिटांत अडकला. सुटल्यावर तापमानाची नोंद बघितली: अडकण्याआधी ५४ अंश, सुटल्यावर ५४ अंश. प्रोसेसर सहसा ९०-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि त्याहून पुढे गेला तर यंत्र बंदच पडतं, मिनिटभर थांबून परत जागेवर येत नाही. ५४ अंशांवर कुणाला घाम फुटत नाही. माझी उष्णतेची कथा तिथेच संपली.

लाल दिवा मी कसा विसरलो, याचं उत्तर आता देतो. पहिल्या दिवशी मी डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम चालवला होता आणि त्याने मोठ्या निळ्या चौकटीत 'गुड' असं लिहून दाखवलं होतं. मी ती चौकट वाचली आणि खालचं कोष्टक वाचलंच नाही.

दुसऱ्या फेरीत मी आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी कार्यप्रणाली, सुरू केलं. यात हार्ड डिस्कवरच्या विंडोजला हातही लागत नाही. सगळं रॅममधून आणि पेनड्राइव्हवरून चालतं. झाकण बंद. दोन-अडीच तास व्हिडिओ, ब्राउजर, जे सुचेल ते चालवलं. एकदाही अडकला नाही. मग त्याच लिनक्समधून हार्ड डिस्कवरच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतल्या आणि दहाव्या मिनिटाला लाल दिवा सलग पेटला, उतरवणं थांबलं. एवढ्या एका प्रयोगाने विंडोज, व्हायरस, ग्राफिक्स, प्रोसेसर हे सगळे एकदम निर्दोष सुटले. मला विचाराल तर हा प्रयोग पहिल्याच दिवशी करावा. विंडोज पुसून नवं टाकण्यापेक्षा तो स्वस्तही आहे आणि त्यात काही गमावतही नाही.

फायली उतरवण्याचं काम अर्थात पूर्ण केलं. डिस्कवर संशय आला की आधी नक्कल काढायची आणि मगच तपासणी. दुरुस्तीवाल्याने डिस्क तपासून सेक्टर (माहिती साठवायचे तिच्यावरचे बारीक कप्पे) दुरुस्त करणारी चेकडिस्कची आज्ञा चालवा असं सुचवलं होतं. डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर तासन्‌तास पूर्ण पृष्ठभाग वाचायला लावणारं ते काम तिचा शेवटचा श्वासही घेऊ शकतं. नक्कल हातात येईपर्यंत मी त्या आज्ञेला हात लावला नाही.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. त्यातली सिस्टिमची नोंदवही उघडली की पहिल्यांदा लाल खुणांनी दडपायला होतं. तिथे ४१ क्रमांकाची नोंद दिसली की लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता परत सुरू झालं. कंटाळून आत्याने बटण दाबून धरून बंद केलं होतं त्या प्रत्येक वेळची ती पावती होती. मला हवी होती ती नोंद पिवळ्या त्रिकोणाची, क्रमांक १२९: डिस्कच्या जोडणीला रीसेट पाठवला. म्हणजे विंडोजने काही मागितलं, ठरलेली मुदत वाट पाहिली, उत्तर आलं नाही, शेवटी जोडणी झटकून नव्याने सुरू केली. तिच्या आसपास १५३ क्रमांकाच्या नोंदी: अमुक जागचं वाचन पुन्हा करावं लागलं.

वही शेजारी घेतली. वहीत सुटल्याची वेळ ११.११, संगणकाच्या नोंदीत ११.०९. वहीत ४.३६, नोंदीत ४.३४. आत्या भिंतीवरच्या घड्याळावरून लिहायची आणि ते दोन मिनिटं पुढे होतं. संगणकाचं घड्याळ बरोबर होतं. त्याचा सेल नवाच होता. दोन मिनिटं वजा केली की तिची प्रत्येक नोंद कुठल्यातरी १२९ वर जाऊन बसत होती. तिचं चौथ्या प्रहरचं निरीक्षणही खरं निघालं: ती नुसती वाचत असताना विंडोज मागे स्वतःची काहीतरी कामं करत होतं आणि अडकलं ते.

आता ते कोष्टक. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीचे काही आकडे स्वतःच मोजत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. डिस्कचा पृष्ठभाग खराब होत असेल तर तीन आकडे वाढतात: ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे संशयात अडकलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. इथे तिन्ही शून्य. म्हणून निळी चौकट. पण खाली सी७ समोर ४१२ होतं. (हा प्रोग्राम मूळ आकडे षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळावर मोजण्याच्या, पद्धतीत दाखवतो, सेटिंगमधून दशमान केल्याशिवाय वाचू नका, नाहीतर उगाच घाबराल किंवा उगाच निश्चिंत व्हाल.)

सी७ डिस्कच्या आतलं काही सांगत नाही, वाटेतलं सांगतो. मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यात साटा केबलमधून माहिती जाते तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याबरोबर पडताळणीची एक बेरीज जाते. पलीकडे पोचल्यावर ती जुळली नाही तर गठ्ठा परत मागवला जातो आणि सी७ एकने वाढतो. एखाददुसरी चूक कुणाला कळतही नाही. पण कधी आज्ञाच अशी बिघडते की डिस्क उत्तर देतच नाही, मग मुदत संपेपर्यंत सगळे थांबतात. विंडोज त्याच डिस्कवर असल्याने कुठलाही प्रोग्राम पुढचं पान मागायला गेला की त्याच रांगेत उभा राहतो. बाण तेवढा फिरत राहतो, कारण त्याला डिस्ककडून काहीच नको असतं.

सी७ कधी कमी होत नाही. जुन्या एखाद्या प्रसंगाचा आकडा जन्मभर तसाच राहू शकतो, म्हणून ४१२ हा आकडा एकटा काही सिद्ध करत नव्हता. तो वाढतोय का, एवढंच बघायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ४३७.

तरी केबलच दोषी असं म्हणायची घाई केली नाही. मदरबोर्डवरचा पोर्ट, डिस्कची स्वतःची सर्किट, डळमळीत वीजपुरवठा, यांपैकी कशानेही हाच आकडा वाढू शकतो. डिस्कच्या जोडणीची वीज वाचवणारी सोय बंद केल्यावरही १२९ थांबल्याची उदाहरणं आहेत. ती बंद करून बघितली, अर्ध्या दिवसात फरक नाही. पहिल्या भेटीत मी एका दमात चार गोष्टी केल्या होत्या आणि म्हणून सहा दिवसांच्या यशाचं श्रेय भलत्यालाच दिलं होतं. आता एका वेळी एकच.

झाकण उघडं ठेवून सुमारे ४० जीबीचा फोल्डर उतरवला. सी७ जागचा हलला नाही. झाकण लावून तोच फोल्डर उतरवला. सी७ नऊने वाढला आणि मध्ये एकदा दिवा सलग पेटला. झाकण परत काढून, उतरवणं चालू असतानाच, केबल जिथे डिस्कच्या मागून बाहेर येते तिथे एका बोटाने हलकेच आत दाबली. (साटाच्या माहितीच्या केबलमधला दाब एका व्होल्टहूनही कमी असतो, म्हणून हे चालतं; पॉवर सप्लायच्या आत मात्र कधीही बोट घालू नये.) वेगाचा आलेख दरीत कोसळल्यासारखा शून्यावर आला. बोट उचललं, थोड्या वेळाने आलेख परत वर.

आत्या मागे उभी होती. म्हणाली, "गुदगुल्या केल्यासारखं करतोय."

केबल काढून उजेडात धरली. तिचं टोक सरळ होतं, म्हणजे डिस्कच्या मागून ती दोन बोटं झाकणाच्या दिशेने बाहेर यायची. झाकण लावलं की ते तिला दाबून अक्षरशः दुमडत होतं. घडीच्या जागी वरचं प्लास्टिक पांढरं पडलं होतं, टोकाला धातूची खिट्टीही नव्हती, त्यामुळे दाबाने टोक किंचित तिरकं व्हायचं. या केबलमधून सेकंदाला ६ अब्ज बिटांपर्यंत जातात. आतल्या तारांचं एकमेकींपासूनचं अंतरसुद्धा तिथे महत्त्वाचं असतं. पंख्याच्या वायरसारखी ती कशीही कोंबून चालत नाही.

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर दोन दिवस का चाललं, तेही आता कळलं. टेबलावर झाकण कोण लावतं?

कुतूहल म्हणून जुनीच केबल सैल वळण देऊन बसवून बघितली. झाकण बंद, फोल्डर तोच. अडकला नाही, पण सी७ तीनने वाढला. म्हणजे आतल्या तारेला कायमची इजा झाली होती. मग नवी केबल, काटकोनात वळलेल्या टोकाची आणि खिट्टीची, आणि मुद्दाम त्याच जुन्या पोर्टमध्ये, म्हणजे पोर्टचाही निकाल लागावा. सी७ तेव्हा ४९६ होता. तीन आठवड्यांनी बघितला तेव्हाही ४९६. १२९ क्रमांकाची एकही नवी नोंद नाही. नवा पंखा तसाच आहे, उगाच फिरतो.

राहता राहिला एक प्रश्न. केबल इतकी वर्षं तिथेच होती, मग दोन महिन्यांपूर्वीच का बिघडली? "काही बदललं नाही" हे आत्याने तीनदा सांगितलं होतं आणि तिचा मला खोटेपणा वाटत नव्हता. पण ती संगणकाच्या वहीआधीही एक वही लिहीत असे, रोजची. ती तिने कपाटातून काढली आणि चष्मा लावून मागे मागे जात राहिली.

"हे बघ. पहिल्यांदा अडकला ती तारीख. 'संगणक दोनदा थांबला. आपोआप सुटला.' आणि त्याच्या आदल्या दिवशी..." ती थांबली, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि वाचलं, "'भाचा येऊन संगणकाच्या घड्याळाचा सेल बदलून गेला. आता वेळ बरोबर दाखवतो.'"

मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सेल डिस्कच्या केबलखाली होता. हात पोचावा म्हणून मी केबल उपसली होती, सेल बदलून परत खोचली होती आणि तिचं वळण आतल्या बाजूला न ठेवता झाकणाच्या बाजूला सोडलं होतं. दोन मिनिटांचं काम, म्हणून तिने ते बदलात धरलं नव्हतं. मीही नव्हतं धरलं.

आत्याने वही मिटली. "म्हणजे मी म्हणत होते तेच. तुझाच संगणक."